कांदाचाळीत चित्रं टांगायची तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधले पाच जण, चित्रकला महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले. अठरा कामं तयार आहेत. बरेचसे ॲक्रिलिकचे कॅनव्हास, काही छापचित्रं (ठशावरून हातानं छापलेली), काही कागदावरची कामं, एक व्हिडिओ आणि छताला टांगायची एक कापडाची मांडणी. गॅलरीत दर वेळी तेच साठ-सत्तर ओळखीचे चेहरे येतात, म्हणून हे सगळं तीन महिने जिल्ह्यात फिरवायचंय. गोदाघाट, एसटी स्टँड, कांदा मार्केट, जुना वाडा, शाळा अशी यादीही केली आहे. जागा कशा निवडायच्या, परवानगी कोणाची, पैसा कुठं जातो आणि लोकांना ही चित्रं कळतील का, असं विचारलंय.

मी गेली सतरा-अठरा वर्षं हेच करते. स्वतःची कामं फिरवली, दुसऱ्यांची फिरवली. दोन-तीनदा हात पोळले आणि एकदा चक्क चित्रंच पोळली. ती गोष्ट पुढे येईल.

यादी वाचली. जागा चांगल्या आहेत, पण एकाही जागेपुढे माणसाचं नाव नाही. तुम्हाला तिथं बोलावतंय कोण?

हे विचारायला मी तमाशाच्या फडांकडून शिकले. यात्रांचा हंगाम आला की नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. सुपारीत पैसा आहेच, पण सुपारी दिली म्हणजे गावानं तो कार्यक्रम अंगावर घेतला. मैदान कुठलं, लाईट कुठून ओढायची, गाडी कुठं लावायची, कोणी झिंगून आडवा आला तर पुढे कोण होणार, हे सगळं गावाचं झालं. चित्रांना अशी सुपारी कोणी देत नाही. मग आपण अर्ज घेऊन फिरतो आणि सही-शिक्का मिळाला की जागा मिळाली असं समजतो. दुपारी दोनला वायरमन येऊन फ्यूज काढून घेऊन गेला की तो कागद दाखवायचा कोणाला?

म्हणून प्रत्येक मुक्कामाला एक यजमान हवाच. संस्था नको, एक माणूस पुरतो. त्याच्याकडे पैसे मागू नका. कुलूप लागणारी खोली, वीज, दिवसभर तिथं असतोच असा एखादा माणूस, आणि उद्घाटनाला आमदारसाहेबांना बोलावण्याचा आग्रह धरणार नाही असा शब्द, एवढं मागा. चौथी गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड.

शाळांमध्ये यजमान शोधावा लागत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवणारे ड्रॉइंगचे सर किंवा बाई असतातच, आणि वर्षभर त्यांना कोणी विचारलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचा मांडव पडलेला असतो, लाईटवाला आलेला असतो. गॅदरिंगच्या आदल्या दोन दिवसांत तिथं घुसलात तर मांडवाचा खर्च शून्य. मात्र खुद्द गॅदरिंगच्या दिवशी थांबू नका. नाचाचे कपडे घातलेली तीनशे मुलं आणि टांगलेलं कापड यांचं जमत नाही.

बाजार समितीत सचिवांना भेटा, पण त्याआधी दोन दिवस नुसतं जाऊन उभे राहा. लासलगाव किंवा पिंपळगावला लिलावाच्या वेळी व्यापारी एका वाहनापासून दुसऱ्या वाहनाकडे सरकत जातात आणि बाकीची रांग ताटकळत असते. त्या रांगेतल्या शेतकऱ्याकडे वेळच वेळ असतो, पण त्याला ट्रॅक्टर सोडता येत नाही. म्हणजे बघणारा जमिनीपासून पाच-सहा फुटांवर बसलेला आहे आणि चित्रापासून वीस फूट लांब आहे. गॅलरीत आपण चित्राचा मध्य दीडशे सेंटिमीटरच्या आसपास धरतो, इथं तो हिशोब निकामी. चित्र वर न्यावं लागतं, मोठं लागतं, आणि बारीक रेषांचं छापचित्र तर तिथं न्यायचंच नाही. याउलट एसटी स्टँडवर माणूस बाकड्यावर असतो, सामानाला पाय लावून. तो उठून येणार नाही. स्टँडसाठी आगारप्रमुखांशी बोललात तरी निर्णय विभागीय कार्यालयात होतो, आणि ज्या भिंतीवर तुमचा डोळा आहे तिचे जाहिरात हक्क एखाद्या ठेकेदाराकडे असू शकतात. ते आधी विचारा, नाहीतर रात्री लावलेलं सकाळी उतरवावं लागतं.

तुमच्या यादीत नसलेल्या दोन जागा सुचवते. पहिली, द्राक्षांचं पॅकहाऊस, म्हणजे निर्यातीची द्राक्षं पेट्यांत भरायची जागा. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, छताला सरळ रांगेत ट्यूब, धूळ येऊ नये म्हणून दुहेरी दारं. नाशिक जिल्ह्यात गॅलरीच्या सगळ्यात जवळ जाणारी वास्तू हीच. निर्यातीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. दिवाळी ते डिसेंबर बरीच पॅकहाऊसेस रिकामी असतात. नाताळाच्या आत आवरायचं, कारण त्यानंतर धुलाई सुरू होते आणि मालक फोन उचलत नाही.

दुसरी जागा कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझं निम्मं शिक्षण तिथंच झालं.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत भरला जातो आणि भाव बघत बघत दिवाळीच्या मागेपुढे संपतो. डिसेंबर ते मार्च चाळ मोकळी. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला ती दिली, त्यांची मुलगी माझ्याकडे शिकायला होती. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, मध्ये बोटभर फटी, खालून हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उचललेला तळ, मधून चालायला बोळ. खिळा मारायचा नाही हे आधीच ठरलेलं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार पट्ट्यांतून ओवून दोन ठिकाणी बांधली की चित्र झुलत नाही. एकाच ठिकाणी टांगलं तर फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं ते रात्रभर आपटतं. सकाळी दहाला पूर्वेच्या फटींतून ऊन आलं आणि सगळ्या चित्रांवर पट्टे पडले. आम्ही घाबरलो. द्राक्षवाल्यांकडे हिरवी शेडनेट हवी तेवढी मिळते, ती आणून लावली, तर चित्रं हिरवी दिसायला लागली. शेवटी शेडनेट काढून टाकली. उन्हात टिकणार नाहीत अशी कागदावरची कामं मधल्या बोळात, सावलीत आणली आणि कॅनव्हास पट्ट्यांवरच राहू दिले. पट्टे दुपारी नाहीसे व्हायचे, चारनंतर पश्चिमेकडून परत यायचे. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांना त्या पट्ट्यांची वेळ पाठ झाली होती.

त्रासही सांगते. कांद्याची सुकलेली पत्ती चाळीत वर्षभर उडत असते. फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक शीट लावली होती, पुसली की तिच्यावर स्थिर वीज तयार होते आणि प्रत्येक पत्ती येऊन तिला चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसाल तेवढी जास्त. ओलसर सुती फडकं, तेही सकाळी एकदाच. आणि कागदात शिरलेला वास पुढे महिनाभर गेला नाही.

आता तुमचा तो प्रश्न, लोकांना कळेल का. त्या चाळीत एका मुलीचं काम होतं: हातकागदाचे पाच-सहा थर एकमेकांवर चिकटवलेले, गुलाबी-तपकिरी, कडा सुटलेल्या, मध्ये मध्ये काळे डाग. आजीच्या घरातल्या भिंतींचं ते काम. शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे बाबा आले, टोपी सरळ करून बराच वेळ त्यापुढे उभे राहिले.

"पत्ती सुटलीय याची," म्हणाले.

मी म्हटलं, "हो बाबा, मुद्दाम सोडलीय."

"ते असंल. पण हितं काजळी धरलीय." त्यांनी बोट एका डागाजवळ नेलं, लावलं नाही. "ही शेजारच्याला लागती. बाजूला काढा, ताई."

आम्ही हसलो. मुलगी म्हणाली, ती शाई आहे. बाबा म्हणाले, "बरं," आणि पुढच्या चित्राकडे गेले. संध्याकाळी उतरवताना तिनं भिंग घेतलं. तीन डाग शाईचे होते. चौथा, बाबांनी दाखवलेला, खरोखर बुरशीचा होता. थर चिकटवताना कागद ओला राहिला होता आणि पावसाळाभर ते घरात गुंडाळून पडलं होतं. कांद्याची काजळी म्हणजेही काळी बुरशीच, आणि साठवलेल्या मालातली बुरशी ओळखण्यात त्या माणसाचा जन्म गेला होता. आम्ही पाच जणांनी, त्यात एक कलाशिक्षक, ते काम आठवडाभर हाताळलं होतं आणि कोणालाही दिसलं नव्हतं. काम वेगळं काढलं, म्हणून शेजारची छापचित्रं वाचली.

तेव्हापासून "कळेल का" असं मी विचारत नाही. मुक्कामाची जागा ठरली की एवढंच बघते, की तिथला माणूस रोज काय निरखून बघतो. सराफ बाजारातला कारागीर बघतो ते वेगळं, भांडी बाजारात तांब्यावर ठोके मोजणारा बघतो ते वेगळं, येवल्याचा विणकर तर कापडाची मांडणी उलटी करून मागची बाजू बघेल आणि तुमची गाठ चुकली असेल तर सांगेल. त्या नजरेपुढे कोणतं काम ठेवायचं, ते निवडा. अठराच्या अठरा कामं प्रत्येक ठिकाणी न्यायची गरज नाही. दहा पुरतात, आणि दर मुक्कामाला त्यातली चार बदलतात.

एक मात्र टाळा: चित्र टांगून निघून जाऊ नका. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र लोकांपुढे धरून, गाऊन, वाजवून गोष्ट सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. चित्र गावात नेण्याची आपली जुनी रीत ही अशी आहे, सोबत माणूस असतो. तुम्ही गाऊ नका, समजावूनही सांगू नका. पण पाचातला एक जण सतत कामाजवळ असावा आणि त्यानं आधी ऐकावं. मी स्टूल ठेवते, उभी राहत नाही. उभा माणूस वॉचमन वाटतो. चित्राखाली मराठीत दोन ओळी, हातभर लांबून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात: कशाचं केलंय आणि कुणी. "अस्तित्वाच्या रिक्ततेचा शोध" वगैरे असेल तर तो कागद घरी ठेवा.

घाटाबद्दल तुम्हाला फार उत्साह दिसतो. मलाही होता. गोदाघाट फोटोत सुंदर येतो, म्हणून सगळ्यांना तिथंच करायचं असतं. पावसाळ्यात तर विचारही नको. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात, आणि धरणातून विसर्ग वाढला की पाणी चढायला फार वेळ लागत नाही. पण कोरड्या दिवसांतही रामकुंडाच्या आसपास नको असं मी सांगेन. तिथं रोज लोक अस्थी घेऊन येतात. आमच्या एका मित्रानं पांढऱ्या कापडाची मांडणी घाटाच्या पायऱ्यांवर केली होती, विषय विस्थापनाचा. एक कुटुंब विसर्जन करून ओल्या कपड्यांनी वर आलं आणि त्यातल्या बाई त्या कापडांपुढे थबकल्या. कोणी काही बोललं नाही. मित्रानं अर्ध्या तासात सगळं गुंडाळलं. घाटच हवा असेल तर खाली, बुधवारच्या बाजाराच्या बाजूला या, जिथं माणूस भाजी घ्यायला आलेला असतो. आणि सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू असताना तर घाटावरच्या जागेची तारीख कोणी पक्की देणार नाही. तो मुक्काम यादीतून काढाच.

जुन्या वाड्यांचं थोडक्यात. खासगी वाडा असेल तर सगळ्या भाऊबंदांना विचारा, एकाची परवानगी म्हणजे वाद. वरच्या मजल्यावर गर्दी नको, तुळया बघून घ्या. सरकारवाड्यासारखी संरक्षित वास्तू असेल तर विषय पुरातत्त्व खात्याचा, तिथं भिंतीला काही लावायचं नाही. स्वतःच्या पायावर उभे राहणारे स्टँड न्यावे लागतात. असे स्टँड एक इंची चौकोनी पाइपचे, बोल्टवर सुटे होणारे, अंबडला कोणीही फॅब्रिकेटर करून देतो. पायाला वाळूच्या पिशव्या. ते एकदा केले की पॅकहाऊस, शाळा, मार्केट सगळीकडे चालतात.

आता पोळलेली चित्रं. मे महिना, नाशिकहून मालेगावला निघालो होतो, बंद टेम्पो, दुपारची वेळ. ॲक्रिलिकचे सहा कॅनव्हास मी स्वतः पॅक केले होते, थेट बबलरॅपमध्ये, फुगे आतल्या बाजूला. ॲक्रिलिकचा रंग वाळला तरी उष्णतेनं मऊ पडतो. मालेगावला उघडलं तर प्रत्येक चित्रावर नाण्याएवढी वर्तुळं, रांगेनं, छापखान्यातून काढल्यासारखी. एका चित्राचा रंग तर प्लास्टिकबरोबर सालासारखा निघून आला. चित्रकार भला माणूस, "आता हे तुझं आणि माझं दोघांचं काम," म्हणाला. पण दोन रात्री मला झोप नव्हती.

तेव्हापासून रंगवलेल्या पृष्ठभागाला काहीही शिवता कामा नये, हा नियम. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला प्लायच्या पट्ट्यांची चौकट स्क्रूनं बसवायची, ती चित्रापेक्षा दोन बोटं पुढे आलेली असली पाहिजे. मग त्या चौकटीवर प्लॅस्टिक ताणायचं, त्यावर बबलरॅप, फुगे बाहेर. छोटा हत्ती भाड्यानं घेणार असाल तर हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद असतो, त्यात चार बाय सहाचा कॅनव्हास उभा राहतो. उभाच न्या, आडवा कधीच नाही, आणि गाडी ज्या दिशेनं धावते त्या दिशेला लांबी येईल असा लावा. म्हणजे ब्रेक लागला की कॅनव्हास ढोलाच्या कातड्यासारखा हिंदकळत नाही. मोकळ्या हौद्यावर ताडपत्री, आणि पहाटे निघायचं. नांदगाव काय, पेठ काय, सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर ऊन तुमच्यामागे.

छापचित्रं आणि जलरंग मूळ नेऊच नका. संग्रहालयं कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देतात. भर उन्हात तो लाखाच्या घरात असतो. चाळीत तीन दिवस म्हणजे त्या रंगांची काही वर्षं. चांगला प्रिंट काढा, खाली "प्रदर्शन प्रत" लिहा, लाजू नका.

व्हिडिओसाठी प्रोजेक्टर विसरा, दिवसा काही दिसत नाही. जुना टीव्ही खोक्यात बसवून, पुढे काळ्या कापडाचा बोगदा, मूल आत डोकं घालून बघतं. मोठी माणसंही घालतात, कोणी बघत नाही असं बघून. शेतावरच्या लाईनीला वीज पाळीनं येते, तेव्हा इन्व्हर्टर सोबत हवा.

पैसा कुठं जातो विचारलंत. माझ्या अनुभवात गाडी, चौकटी आणि माणसांचं जेवण-मुक्काम यात बहुतेक संपतो, आणि लोक मात्र कॅटलॉग, बॅनर आणि उद्घाटनासाठी वर्गणी काढतात. कॅटलॉग नको. विमा हवा, निघताना भिंतीवरून उतरवल्यापासून परत भिंतीवर चढेपर्यंतचा. त्यासाठी प्रत्येक कामाची निघण्याआधीची स्थिती लिहून, चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा. तो कागद नसेल तर विमा कंपनी जुना ओरखडा कुठला आणि नवा कुठला हे विचारून वेळ काढते. गाडीत मालाचं डिलिव्हरी चलन ठेवा, त्यावर "विक्रीसाठी नाही, प्रदर्शनासाठी" असं स्पष्ट आणि प्रत्येक कामाची किंमत. किंमत लावताना हौस करू नका. मालाची किंमत लाखावर गेली तर मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचं काय, ते सीएला विचारून घ्या.

उदाहरणं हवी असतील तर कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, सगळे सांगतील. ते २०१२ पासून चाललंय, मोठं आहे, पण तिथं लोक चित्रांकडे जातात. तुमचं उलटं आहे. तुम्हाला जवळचं वाटेल ते २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर झालेलं प्रदर्शन. चालू बंदर, मासळीचा वास, आणि तिथं काम करणाऱ्यांचेच मोठे फोटो भिंतींवर. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून शाळाशाळांतून फिरते. जागेचा सगळा ताप नको असेल तर गाडीलाच गॅलरी करणं हा त्यांचा मार्ग. तुमच्या पाच जणांना ते परवडणार नाही, पण बस आत कशी मांडली आहे ते एकदा जाऊन बघा. आणि रशियात १८७१ मध्ये चित्रकारांनी पीटर्सबर्गला पहिलं फिरतं प्रदर्शन भरवलं आणि पुढे ते मॉस्को, कीव, खारकीव्ह असं नेलं, हे घरी कोणी "हे काय नवीन खूळ" म्हटलं तर सांगायला.

तीन महिन्यांत चार मुक्काम करा, आठ नको. दिवाळी झाली की पॅकहाऊस, डिसेंबरात शाळा, जानेवारीत चाळ, शेवटी मार्केट. मार्केट शेवटी, कारण तिथं सगळ्यात जास्त माणसं आणि सगळ्यात कमी नियंत्रण, तोवर तुमचा हात बसलेला असेल. प्रत्येक ठिकाणी आधी एकदा कामं न घेता जा आणि यजमानाकडे चहा प्या.

आणि निघताना झाडून द्या. चाळीत विशेषतः. कापलेल्या तारेचे तुकडे आणि नायलॉनची दोरी वाकून वेचून घ्या. मार्चमध्ये त्याच तळावर कांदा ओतला जातो आणि खाली उरलेलं गाय-शेळीच्या पोटात जातं. आम्ही पहिल्या वर्षी तारेचा एक तुकडा विसरलो होतो, तो त्या काकांना कांदा भरताना सापडला. पुढच्या वर्षी चाळ मागायला गेले, तेव्हा तो त्यांनी कागदात बांधून जपून ठेवलेला होता.